मागच्या भिंतीची शिवण

मास्तरांनी दुकानाच्या शटरवर 'दोन दिवस बंद' अशी पाटी लावली, तेव्हा समोरच्या न्हाव्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "मास्तर, आज सूर्य कुठल्या बाजूला उगवला?" त्याने दारातूनच विचारलं. मास्तर हसले. तंबू, ताडपत्र्या, गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, पण स्वतः तंबूत झोपायला एकदाही फुरसत मिळाली नव्हती.

या खेपेला मात्र जाणं भाग होतं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. दहा वर्षांची चिंगी शाळेतून आली की दुकानातच बसायची, दोऱ्यांचा गुंता सोडवत. नखांनी दोनदा खेचायची, जरा थांबायची, पुन्हा दोनदा खेचायची. गाठ सोडवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण पोरीचं हे असं वाढणं तिच्या मावशीला पसंत नव्हतं. तिला कायमची घेऊन जाते, म्हणून ती हटून बसली होती. "पोरीलाच विचारा," मावशी म्हणाली होती. "ती राहते म्हणाली, तर मी चकार शब्द काढणार नाही."

 त्यावर चिंगीने फक्त एकदा डोंगरावर तंबूत राहायला जाऊ या का, असं विचारलं होतं. आई असताना ठरलेलं ते.

तंबू दुकानातलाच होता. दोन वर्षांपूर्वी एक माणूस तो दुरुस्तीला टाकून गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही. मागच्या भिंतीला खांद्यापासून जमिनीपर्यंत सरळ चीर होती. धाग्यांची टोकं बाहेर वळलेली, म्हणजे चाकू आतून चालवलेला. धडधाकट दार समोर असताना कोणी भिंत कशाला फाडेल? मास्तरांनी फार डोकं चालवलं नाही. मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी टाका घातला, बाहेरच्या अंगाला तीन वेढ्यांची गाठ मारली आणि आपल्याच हातावर खूश झाले. बोट फिरवूनही चीर सापडत नव्हती.

घाट सुरेख होता. प्रत्येक वळणावर पिवळी, तांबडी झाडं उभी, आणि वाऱ्याची झुळूक आली की रस्ताभर पानं. चिंगीला ते बघायची शुद्ध कुठे होती! तिला गाडी लागायची. तीनदा थांबावं लागलं.

"अजून किती वळणं?" तिने लिंबू हुंगत विचारलं.

"संपलीच."

"मघाशी पण संपलीच होती."

वरच्या पठारावर दुसरं कोणी नव्हतं. दुपारी तीनला तंबू उभा राहिला. दोघं दारापाशी बसली, तेव्हा मास्तरांनी धीर करून विषय काढला. "चिंगे, मावशीकडे जायचंय का तुला?"

तिने एक वाळकं पान उचलून त्याचा चुरा केला. "तुम्हाला मी राहायला हवी आहे का?"

हो, एवढंच म्हणायचं होतं. पण मास्तरांच्या तोंडातून भलतंच निघालं. "तुझ्या मनात काय आहे, ते सांग."

चिंगी उठून आत गेली. मास्तरांनी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मग धुकं आलं. बघता बघता गाडी दिसेनाशी झाली, आणि कुजक्या पानांचा ओला वास सुटला. मास्तर आत शिरले, दाराची चेन लावली, आता सांगूनच टाकू म्हणून पोरीजवळ बसले. तेवढ्यात बाहेर पानं वाजली. कोणीतरी तंबूभोवती चाललं होतं, अगदी सावकाश. एक फेरी. दुसरी. प्रत्येक वेळी मागच्या शिवणीपाशी पावलं थांबत, कापडावरून काहीतरी घासत खाली जाई, मग पुन्हा चालणं सुरू.

"बाबा... कोण आहे?"

"गप्प... बोलू नको."

पावलं दारापाशी आली. चेन आपोआप वर सरकू लागली... एकेक दात करत. मास्तरांनी ती मुठीत धरली, तरी ती सरकतच होती. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, भिंत का फाडली होती. कोणीतरी जीव वाचवायला केलेली वाट त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली होती.

शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं ब्लेड होतं. मास्तरांनी शिवण सर्रकन कापली. बाहेर काय आहे कोण जाणे, म्हणून आधी स्वतः उडी घेतली, मग आत हात घातला. थंडगार, इवलासा हात हाती लागला. तो ओढून ते गाडीकडे धावत सुटले. "कुठे नाही जायचं तू! मला तू हवी आहेस, ऐकलंस?"

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी तुमच्याजवळच राहणार."

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. सगळा घाट ते रडत उतरले. पोर मागच्या सीटवर गुणगुणत होती. कुठेही थांबावं लागलं नाही.

सकाळी मावशीला फोन करून त्यांनी सांगितलं, पोर राहते म्हणाली. मावशीने शब्द पाळला. हलक्या मनाने मास्तर गाडी साफ करायला खाली आले आणि डिकी उघडली.

आत तंबू होता. डोंगरावर टाकून आलेला तंबू, व्यवस्थित घडी घातलेला. मागची चीर शिवलेली होती, मेणाच्या दोऱ्याने, दुहेरी टाक्यात. दारही तसंच शिवून बंद केलेलं. टाका त्यांचाच होता. बाहेर गाठ मात्र नव्हती. मास्तरांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. तीन वेढ्यांची गाठ आतल्या अंगाला होती.

घडीतून लिंबाचा वास येत होता.

घाटात एकदाही थांबलो नाही, हे त्यांना आत्ता आठवलं. हात खिशातल्या ब्लेडकडे गेला.

"बाबा." पोर जिन्यात उभी होती. "उसवू नका ना... मी राहते म्हटलंय ना."

मास्तरांनी वळून पाहिलं नाही. त्यांच्या अंगठ्याखाली, कापडाच्या पलीकडे, गाठ हलली. कोणीतरी नखांनी दोनदा खेचलं, जरा थांबलं, पुन्हा दोनदा खेचलं.