मुखरूचं घोरणं

गुणवंत मोठेबाबांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी आणि माझी बहीण दिव्यानी ओसरीवर एकाच पांघरुणात होतो. त्यांच्या ओळखीच्या इतवारीची गोष्ट. गेल्या साली, कोजागिरीनंतरच्या तिसऱ्या रात्री घडलेली.

ब्रह्मपुरीपलीकडच्या एका गावात धान भरात आला होता आणि शेताच्या बांध्यांत रानडुकरं घुसत होती. म्हणून इतवारी आणि त्याचा शेजारी मुखरू जागलीला निघाले. जागलीची रीतच अशी, मचानावर दोघं. एक झोपतो, एक राखतो.

निघताना मुखरूची बायको सुकरी आडवी आली.

"इतवारीभाऊ, ह्यायचं घोरणं थांबलं का हलवजा. डॉक्टरनं सांगतलं, झोपेत श्वास अटकते अन् सारा जोर दिलावर पडते. आधीच दिल कमजोर हाये. घरी माहं काम, तिथी तुमचं."

मुखरू हसला. "डॉक्टर म्हणते, श्वासाची मशीन लावून झोप. आता मचानावर मशीन लावू का? माह्या घोरण्यानं डुक्कर पळते, ते नाई पायत!"

पहिल्यांदा मुखरू झोपला. घोरणं थांबलं की इतवारी कोपरानं ढोसायचा. मुखरू दचकून श्वास ओढायचा. पुन्हा सुरू. त्या लयीवर इतवारीचाच डोळा कधी लागला, त्याला कळलं नाही.

जाग आली तेव्हा चंद्र कलला होता. घोरणं चालूच होतं. त्याच्या जिवात जीव आला.

घोरणं थांबलं.

त्यानं कोपर मारलं. कोपर गार अंगाला लागलं. ताठ.

आणि घोरणं... पुन्हा सुरू झालं.

खालून. शिडीपाशी.

दिव्यानीची नखं माझ्या हातात रुतली होती.

"मंग?" मी कसंबसं विचारलं.

"त्यानं हाक मारली. मुखरू... तं खालचं घोरणं थांबलं. आता श्वास येईल, म्हणून बसला आयकत. आता येईल..."

"आला?"

मोठेबाबांनी आमचं पांघरूण नीट केलं आणि पुढचं सांगितलं.

उजाडल्यावर निरोप गेला, सुकरी आली. वर चढून नवऱ्याला पाहिलं. रडली नाही. इतवारीला इतकंच विचारलं, "तुमी झोपले होते का, भाऊ?"

त्यानं मान खाली घातली.

ती उतरली. रात्रभर दव पडलं होतं. बांधाचा धुरा, गवत, सगळं चिंब. फक्त शिडीपाशी, उघड्यावर, माणूस झोपल्याएवढं गवत दबलेलं. कोरडं.

सुकरीनं त्यावर तळवा टेकवला.

"भाऊ..." ती म्हणाली, "गरम हाये अजून."