चाळीस मीटर राहिलेलं शिखर

"दोरावर पुढे मी राहणार. चालत असेल तर बोल," डोंगरावरच्या विश्रामघरात लदीनाने सुपाच्या वाडग्यातून मान वर न करताच सांगितलं.

समोरच्या बाकावरचा तरुण हसला. "आधी नाव तरी विचार ना..."

त्याचं नाव कुर्दिन. शेजारच्या खोऱ्यातला वाटाड्या. त्याचं गिऱ्हाईक आयत्या वेळी आलंच नव्हतं. लदीनाची जोडीदारीण तापाने फणफणून खाली गावात पडलेली. हिमनदीवर एकट्याने पाऊल टाकायचं नाही, आणि लदीनाला तर जायचंच होतं! वाटाड्याच्या परीक्षेसाठी यादीतली सगळी शिखरं तिने केली होती. एवढं पिझ सुर्लाना राहिलं होतं. शिखरांच्या नोंदींची वही शनिवारी परीक्षकांना द्यायची. हुकलं की अख्खं वर्ष गेलं.

"आणि मागे राहून मी काय करू?"

"माझं कौतुक."

"ते तर केव्हाच सुरू केलंय."

बाई गं... लदीनाचा चमचा हवेतच राहिला.

उजाडताच दोघं निघाली. डोंगराच्या धारेवर तिच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. दोर कधी ताणला नाही, कधी लोळला नाही. मागचा माणूस तिचं पाऊलन्‌पाऊल ओळखत होता. एकदा तिने वळून पाहिलं — तो तिच्याकडेच बघत होता, आणि पकडला गेला तरी नजर हटवली नाही. मेला!

शिखर चाळीस मीटरवर आलं आणि दक्षिणेचा उबदार वारा सुटला. तिने बर्फात कुऱ्हाड रोवली. कुऱ्हाड दांड्यासकट आत गेली; उबेने बर्फ भुसभुशीत झाला होता, कधीही कोसळला असता. लदीनाचा जीव तुटला.

"परत," ती म्हणाली.

तो लगेच वळला.

"अरे, वाद तरी घाल!"

"पुढे तू आहेस ना? तू परत म्हणालीस की परत."

उतरताना म्होरक्या मागे राहून दोर सांभाळतो. म्हणून तो पुढे झाला, आणि एकदाही मागे न बघता, तिच्यावर विसंबून सरळ उतरत गेला.

विश्रामघरात तिने वही त्याच्यापुढे सरकवली. जोडीदाराची सही लागते. चाळीस मीटरसाठी कोण थाप मारत नाही? क्षणभर... अगदी क्षणभर तिला वाटलं, मारावी की याने!

कुर्दिनने लिहिलं, 'शिखर झालं नाही. बर्फ ओळखून चाळीस मीटर खालून फिरली. हिच्या दोरावर मी जन्मभर चालेन.'

गेलं वर्ष! लदीनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तरी हसू काही आवरेना.

"अरे बाबा, हे परीक्षक वाचणार!"

"वाचू देत. खोटं काय आहे त्यात?" म्हणाला खरा, पण कान लालबुंद झाले होते त्याचे.

"शिखर पुढच्या जुलैत. तुझ्याबरोबरच," ती म्हणाली. "पण मला तू आवडलायस, कुर्दिन, आणि जुलै फार लांब आहे. रविवारी काय करतोयस?"