दोनच्या जागेची फट

क्ष = १

एकाच गणिताची दोन चित्रं कशी निघतील?

चांद्रवसाहतीच्या परीक्षागृहात कृत्तिका दोन आलेखयंत्रं (आकड्यांचं चित्र काढणारे गणक) घेऊन उभी होती. दोन्हींत तिनं एकच गणित भरलं होतं: य = १ ÷ (क्ष − २). नव्या यंत्रावर दोनच्या जागी सरळसोट उभी भिंत आली. जुन्यावर तिथे नुसती फट.

"उद्याच्या परीक्षेला एकच न्यायचं," यंत्रमानव मोहरोबा म्हणाला. "मोहर लागली की बदल नाही, तक्रार नाही. मला पुण्याच्या दुकानदारानं घडवलंय."

वसाहतीत फट दिसली की पोरंसोरंही आधी लाख लावतात, मग ओरडतात. हवा निसटली तर सगळाच खेळ खलास. कृत्तिकानं जुनं यंत्र बाजूला सारलं. फुटकं असणार!

नव्यावर मोहर लागली.

क्ष = १.९

"भिंतवालं घेतलंस?" आबांनी कपाळाला हात लावला. तिच्या या आजोबांची हयात दुर्बिणींचे आरसे घासण्यात गेली होती. "अगं, ती भिंत नाहीच. यंत्र थोड्याथोड्या अंतरावर किंमत काढतं, ठिपका देतं आणि शेजारचे ठिपके रेघेनं जोडतं. बस्स. आता सांग, क्ष १.९९ असेल तर?"

"उणे शंभर."

"२.०१?"

"अधिक शंभर."

"एक ठिपका पाताळात, दुसरा आभाळात. नव्या यंत्रानं दोघांना बळंच बांधलं. जुनं बिचारं तिथे थांबलं. आणि नेमक्या दोनला?"

"एक भागिले शून्य." ती अडली. "पण शून्याला कशानं गुणलं की एक येईल? कशानंच नाही!"

"म्हणून तिथे उत्तरच नाही. ती अनंतस्पर्शी रेषा (आलेख जिच्या जवळ जात राहतो, पण टेकत नाही). फट हीच खरी."

क्ष = १.९९

गेल्या वर्षीच्या परीक्षेत ती याच भिंतीवर आपटली होती. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. वसाहतीतली सगळीच मुलं आपटली होती. यंदाची संधी शेवटची. मग पृथ्वीवरच्या शाळेचं दार कायमचं बंद.

"आता कळून काय उपयोग, आबा? खोटारडं यंत्र गळ्यात पडलं माझ्या."

आबा धीर देतील असं तिला वाटलं होतं.

"पडलं खरं," ते म्हणाले.



क्ष = २



क्ष = २.०१

परीक्षेत प्रश्न होता: य = १ ÷ (क्ष − ५). पाचच्या जागी आलेखाचं काय होतं?

पडद्यावर भिंत. सलग, गुळगुळीत. ती पाहून तिला क्षणभर बरंच वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

तिनं चित्र मिटवलं. एकटा पाच भरला. पडद्यावर उमटलं: दोष.

'इथे किंमत नाही. आलेख तुटतो,' तिनं लिहिलं. घरातली फट उघडी टाकून निघाल्यासारखं तिला वाटलं.

पुढच्या आलेखात दोन भिंती होत्या. वेळ थोडा होता, मागचे तीन प्रश्न कोरेच होते, आणि यंत्रावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता.

तिनं बोटं मोडली आणि पहिली भिंत ठोठावायला घेतली.