पिंगळ्याच्या झाडाखालचा धूर

"आत्या, शेकोटी!" तंबूची शेवटची खुंटी ठोकून होताच गोट्याने लकडा लावला.

"उन्हाळ्यात? नावसुद्धा काढू नकोस!" आत्या म्हणाली. "थंडीत पेटवू, पावसाळ्यात दगडावर पेटवू. आत्ता सगळं रान वाळून कोरडंठाक झालंय."

आत्या दवाखान्यात नर्स होती. दर सुट्टीत ती ताई, गोट्या आणि धाकटी चिमणी या आपल्या भाचरांना रानात मुक्कामाला आणायची.

आत्या ओढ्यावर पाणी आणायला गेली आणि पोरं थेट जुन्या झाडाकडे धावली. तिथल्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, दोन पिल्लं होती. त्यांना अजून पंखही धड फुटले नव्हते. चिमणीचा त्यांच्यावर भलताच जीव!

"ताई, धूर!" चिमणी किंचाळली.

बुंध्याशी, मुळांच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघत होती. पण आग कुठेच दिसेना!

जवळच एका काकांचा तंबू होता. डोक्यावर हॅट, पुढ्यात बर्फाची पेटी. गोट्याने त्यांना हॅटकाका करून टाकलं.

"काका, तुम्ही चूल पेटवली होती का?" ताईने विचारलं.

"छे! दिसते का कुठे चूल?" हॅटकाका खेकसले. "उगाच लुडबुड नको. पळा!"

"तंबू सोडून भर उन्हात चटई कशाला अंथरलीय यांनी?" ताई कुजबुजली.

गोट्या महाबिलंदर. तो गोड आवाजात म्हणाला, "काका, फोटो काढू तुमचा? त्या चटईवरून मागचा डोंगर झकास दिसेल!"

हॅटकाका खुलले. ऐटीत मांडी घालून बसले.

"हसा! अजून थोडं... हलू नका हं!"

काका हसले. मग चुळबुळले. मग टुणकन उडालेच! "आई गं! भाजलं!"

"छे! दिसते का कुठे चूल?" गोट्या म्हणाला.

ताईने चटई ओढली. खाली चुलीचा खड्डा, त्यावर नुकतीच लोटलेली माती होती. "काका, नुसत्या मातीने विस्तव विझत नाही! आतल्या आत मुळं धुमसतायत, पार झाडापर्यंत!"

"पिल्लांना उडता येत नाही हो काका!" चिमणीला रडूच फुटलं.

हॅटकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी ढोलीकडे पाहिलं आणि बर्फाची अख्खी पेटी खड्ड्यात रिकामी केली. चर्रर्र! ताईने काठीने निखारे ढवळले. काका फावडं घेऊन मुळाच्या मागावर खणत सुटले. आत्या येताच गोट्याने तिच्या हातातली कळशी जवळजवळ हिसकावलीच. खणा, ओता, ढवळा! ओढ्याच्या किती खेपा झाल्या कुणास ठाऊक. अखेर धूर थांबला. ताप बघावा तशी आत्याने हाताच्या मागच्या बाजूने सगळी ओली माती चाचपली. ती गार होती.

"मला वाटलं, माती लोटली की झालं," हॅटकाका पुटपुटले. "वर खोटंही बोललो. चुकलंच माझं."

"आम्हालापण आधी तसंच वाटायचं," चिमणी म्हणाली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

आत्याने तिघांना जवळ ओढलं. "शाब्बास रे पोरांनो! तुम्हाला सोडून जाताना माझा जीव मागे राहायचा. आता नाही राहणार."

दिवस मावळला. चिखलाने माखलेली सगळी मंडळी झाडापासून लांब, चिडीचूप बसली होती. पिल्लांची आई चोचीत किडा घेऊन आली, फांदीवर जरा घुटमळली आणि ढोलीत शिरली. आत एकच कल्ला उठला!

"दोघंही ओरडतायत!" चिमणी हॅटकाकांच्या कानात कुजबुजली.