तेवीस फोटो जास्त

मंगळवारी दुपारी कुरिअरवाला जे पाकीट टाकून गेला ते इतकं हलकं होतं, की आत नुसता कागदच असावा असं संजीवनीला वाटलं. संघरत्नने ते कात्रीने उघडलं आणि आतली चपटी काळी डबी तळहातावर तोलून बघितली. एक टीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची हार्ड डिस्क. कंपनीचं नाव त्याने कधी ऐकलेलं नव्हतं, आणि शहापुरात सोळा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून आपण जे नाव ऐकलं नाही ते नाव संशयितच, असा त्याचा साधा हिशोब होता.

"वैनी, सस्तातली घेतलीत. आता मी तिला तपासनार. सोमवारपर्यंत परत पाठवायला टाइम हाय."

"तपास रे. माझं सगळं तिच्यात जायचं हाय."

सगळं म्हणजे अकरा वर्षांची लग्नं. एसटी स्टँडमागच्या गल्लीत संजीवनीचा रवी फोटो स्टुडिओ आहे. तिथला कॉम्प्युटर सुरू करून चहा सांगितला, तर चहा येऊन, पिऊन, कप परत गेल्यावर पडद्यावर काहीतरी दिसायचं. गेल्या महिन्यापासून आतली जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली होती. ती कुठल्याही दिवशी मान टाकेल, असं संघरत्न सांगून सांगून थकला होता. तिची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

आणि त्या डिस्कवर रवींद्रचं काम होतं. संजीवनीचा नवरा रवींद्र. दोघं मिळून लग्नं करायची: तो स्टेजच्या समोर, ती नवरीच्या बाजूला, बायकांच्यात. तिच्या कॅमेऱ्यातल्या फोटोंच्या नावाला एस लागायचा, त्याच्या कॅमेऱ्यातल्यांना आर. दोन वर्षांपूर्वी श्रावणात काविळीचं निमित्त झालं आणि नवव्या दिवशी रवींद्र गेला. त्याचा कॅमेरा कपाटात बघवेना म्हणून तिने तो कल्याणच्या एकाला विकून टाकला. पुढे तिने लग्नं घेतली, पण एकटीने, आणि लहान लहान. मोठ्या लग्नाला समोर माणूस लागतोच.

संघरत्नची तपासण्याची पद्धत शाळामास्तरसारखी होती. आधी स्पीड. पहिले काही जीबी एसएसडी अशी पळाली की तोच चकित झाला, मग धापा टाकायला लागली. "सस्तातल्या सगळ्या अशाच," तो म्हणाला. मग साइझ. डबीवर एक टीबी छापायचं आणि आत पाव टीबीच घालायचं, असले प्रकार त्याने पाहिले होते, म्हणून त्याने ती काठोकाठ भरली आणि भरलेलं सगळं परत वाचून बघितलं. बुधवारचा अख्खा दिवस त्यात गेला. एसएसडीने खोट काढायला जागा ठेवली नाही.

"आता मोजनी," त्याने संजीवनीला वही दिली. "एकेक लग्न कॉपी करायचं. डावीकडं जुन्या डिस्कवरचे फोटो किती, उजवीकडं हिच्यावर किती. जितकं टाकलं तितकंच हिनं परत द्यायला पायजे."

गुरुवारी तिने सुरुवात केली. पहिल्या वर्षापासून एकेक फोल्डर जात राहिला आणि वहीत दोन्हीकडे सारखे आकडे उतरत राहिले. मधूनच ती एखादा फोटो उघडायची. रवींद्रची एक खोड होती. पाहुण्यांचे, मानापानाचे सगळे फोटो झाले की तो मांडवाच्या मागे जायचा, आणि भांडी घासणाऱ्या बायका, वाढपी, मांडववाले असल्यांचे फोटो काढायचा. अल्बममध्ये ते कधीच लागायचे नाहीत. आणि प्रत्येक लग्नात एक फोटो संजीवनीचा, तिला न सांगता. त्यावरून ती रागवायची. आता वाटत होतं, उगाच रागावले.

शुक्रवारी दुपारी शेणव्याच्या शीतलचं लग्न आलं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातलं, म्हणजे रवींद्र गेल्यानंतरचं.

डावीकडे ६४०. उजवीकडे ६६३.

तिने पुन्हा मोजलं. मग संघरत्नला फोन केला. विंडोज कधीकधी लपलेल्या फायली मोजतं, घाबरू नका, असं तो म्हणाला. तिने उजवीकडचा फोल्डर उघडला आणि फोटो नावाप्रमाणे लावले. सगळ्यात वर तेवीस फोटो आले. त्यांची नावं आरने सुरू होत होती.

सगळे समोरून काढलेले. अंतरपाट धरलेले मामा, अक्षता उधळणारे हात, मग मांडवामागे मोठ्या पातेल्यात वाकलेल्या दोन बायका, पिंपावर बसून जेवणारा मांडववाला. तेविसावा फोटो तिचाच होता. डोळ्याला कॅमेरा, क्लिपमधून सुटलेले केस, आणि अंगावर ती मोरपंखी साडी, जी तिने त्या लग्नाच्या आदल्या दिवशी विकत घेतली होती.

संजीवनी खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. भीती नंतर वाटली. आधी वाटला तो आनंदच, आणि तो तिने कुणाला सांगितला नाही.

संघरत्न संध्याकाळी आला. फोटोंची माहिती उघडून त्याने कॅमेरा कुठला ते पाहिलं. विकलेल्या कॅमेऱ्याचाच नंबर तिथे होता. मग माणूस अशा वेळी जे करतो तेच त्याने केलं, म्हणजे हाताशी असलेलं काम. कुणाची तरी वापरलेली एसएसडी नवी म्हणून विकली असेल, आत जुनं काही राहिलं असेल, असं म्हणत त्याने ती संपूर्ण पुसली. पुसून झाल्यावर तिच्यात काहीच नाही याची खात्री केली. मग शीतलचं लग्न स्वतःच्या हाताने पुन्हा कॉपी केलं.

उजवीकडे ६७१ आले. एकतीस जास्त.

"वैनी, ही परत पाठवू."

"का? कमी तर काय झालं नाय ना?"

"जास्त येनं हेबी फेलच." त्याचा आवाज जरा चढला होता. मग तो खाली आला. "रविदादा माझ्या भावासारका व्हता. मला काय आनंद नाय का? पन जे टाकलंच नाय ते हिच्यात येतंय कुठनं? मी सोमवारी दुपारी माणूस बोलवतो, पाकीट न्यायला. ऐका माझं."

तिने मान हलवली, पण ऐकलं नाही. शनिवारी रवींद्रनंतरची बाकीची लग्नं तिने एकटीने कॉपी केली. प्रत्येकात थोडे जास्त. प्रत्येकात शेवटी ती स्वतः. संध्याकाळी तिने मुरबाडच्या प्रज्वलला फोन लावला. दुसऱ्या दिवशी वैशाखऱ्याला कुंडलिक भोईरांच्या मुलीचं, नम्रताचं लग्न होतं. हजार माणसांचं, दोन वर्षांत तिने घेतलेलं पहिलं मोठं लग्न, आणि समोरून काढायला तिने प्रज्वलला ठरवलं होतं.

"उद्या येऊ नको," ती म्हणाली. "समोरचा माणूस मिळालाय मला."

असं बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. कुंडलिकभाऊंच्या पोरीचं एकदाच होणारं लग्न, आणि आपण त्यावर ही एसएसडी तपासायला निघालो. पण तिने पुन्हा फोन केला नाही. रवींद्र येतो की नाही, हे तिला बघायचंच होतं.

रविवारी सकाळी किन्हवली, सरळगाव, टोकावडे करत ती स्कूटीवरून वैशाखऱ्याला पोचली. मांडव पिवळ्या कापडाचा होता, आत गरम भपकारा. माणूस माणसाला चिकटून उभा होता. ती नेहमीप्रमाणे नवरीच्या बाजूला, करवल्यांच्या मागे उभी राहिली आणि स्टेजसमोर बघितलं.

तिथे जागा मोकळी होती. फार नाही, एक माणूस उभा राहील एवढी. मागची माणसं टाचा उंच करून बघत होती, पण त्या जागेत पाय ठेवत नव्हती. पळापळी करणारी पोरं तिथे आली की वळसा घालून जात होती. सरबताचा ट्रे घेतलेला एकजण तिथपर्यंत आला, अंग चोरून बाजूने गेला आणि जाताना मान हलवून "जरा सरका" असं काहीतरी पुटपुटला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ती जागा दोन पावलं पुढे सरकली.

संजीवनीने काम सोडलं नाही. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. तेवढ्यात नवरीची आत्या धोंडीबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने पदराच्या टोकाने संजीवनीचं कपाळ पुसलं.

"सकाळपासून उभी हायस गो. जेवलीस का?"

"जेवते आत्या. एवढं होऊ दे."

खूप दिवसांनी कुणीतरी असं पुसलं होतं. तिला बरं वाटलं.

सोमवारी दुपारी संघरत्न पाकीट आणि चिकटपट्टी घेऊनच आला. कुरिअरवाला दारात गाडी लावून फोन बघत बसला. संजीवनी म्हणाली, कालचं एक लग्न तेवढं मोजू आणि मग काय ते ठरवू. तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. संघरत्नच्या नियमाप्रमाणे आधी जुन्या डिस्कवर उतरवलं, मग तिथून एसएसडीवर.

डावीकडे १३०८. उजवीकडे १३०८.

तिने पुन्हा मोजायला सांगितलं. त्याने मोजलं. तेच. फायलींची तपासणी लावली, एकही फरक निघाला नाही.

"पास!" संघरत्नचा चेहराच उजळला. "बगा, कायतरी बारीक घोळ असनार, पुसल्यावर बसला जागेवर. आता पाठवायची कशाला? चांगली हाय." तो बाहेर गेला, कुरिअरवाल्याला नको म्हणाला आणि त्याच आनंदात चहा सांगायला कोपऱ्यावर निघून गेला.

संजीवनी आकड्यांकडे बघत बसली. रवींद्र दुसऱ्यांदा गेला, असं तिला वाटलं. या वेळी तर निरोपही नाही. मग कुंडलिकभाऊ आठवले. समोरून एकही फोटो नसलेलं लग्न आता त्यांना काय म्हणून द्यायचं?

आपल्याकडे काय काय आहे ते तरी बघू, म्हणून तिने जुन्या डिस्कवरचा फोल्डर उघडला.

तेराशे आठ. एकटीने ती कधी सातशेच्या वर गेली नव्हती.

सगळी नावं एसने सुरू होत होती. तिच्या कॅमेऱ्यातली, तिच्या कार्डावरची.

निम्मे फोटो समोरून होते. अंतरपाट. अक्षता. नम्रताचा बाप डोळे पुसताना. मग मांडवामागच्या बायका, वाढपी, चुलीपाशी बसून विडी ओढणारा आचारी. इतके सुंदर, की ती हसली.

"आलास रे," ती म्हणाली.

मग ती शेवटचा फोटो शोधायला लागली. तिचा.

समोरून काढलेल्या प्रत्येक फोटोत नवरीची बाजू दिसत होती. करवल्या, मावश्या, माम्या, सगळ्या एकमेकींना खेटून. त्यांच्या मागे एक जागा मोकळी होती. फार नाही, एक बाई उभी राहील एवढी.

तिने पुढचा फोटो घेतला. त्याच्या पुढचा. मोकळीच.

शेवटचा फोटो धोंडीबाईचा होता.

तिने तो मोठा केला. धोंडीबाई हसत होती. तिचा उजवा हात वर उचललेला होता, पदराचं टोक बोटांत धरून, कुणाच्या तरी कपाळाच्या उंचीवर. तिच्यासमोर कुणी नव्हतं. तिथून मागचं पिवळं कापड स्वच्छ दिसत होतं.

पदराचं टोक घामाने ओलं झालं होतं.