दाराबाहेर कोण

भयकथा लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मला सहसा भीती वाटत नाही. आचाऱ्याला स्वतःच्या हातची चव लागत नाही, तसंच आहे ते.

त्या दुपारी माझ्या एका कथेचं ध्वनिमुद्रण होतं. वाचणारी माझी थोरली बहीण. काचेपलीकडच्या बंद खोलीत ती एकटी; अलीकडे मी आणि आवाजवाले काका. कथेतली बाई घरात एकटी असते. पावलं दारापर्यंत येतात, थांबतात. तिथेच मी कथा संपवली होती.

"बाहेर कोण आहे रे?" ताईने विचारलं.

"मलाही माहीत नाही. तीच तर मेख आहे. दार बंद आहे तोवर ऐकणारा आपला. उघडलं की भीती ओसरली."

"असं कुणाला दारात ताटकळत ठेवू नये," ती म्हणाली. ताईच ती, उपदेश करणारच.

वाचन संपल्यावर काकांनी नेहमीप्रमाणे खोलीतली शांतता मुद्रित करायला घेतली. वाक्यांमधल्या थांब्यांत तीच भरावी लागते, नाहीतर आवाज मध्येच तुटल्यासारखा वाटतो. ताई आत गप्प उभी राहिली. आम्हीही हललो नाही.

काकांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी कानावरचा हेडफोन माझ्याकडे दिला.

पावलं ऐकू येत होती. आतल्या खोलीच्या मागे अडगळीची कोठी आहे, त्या बाजूने. सावकाश आली आणि दाराशी थांबली.

ताईने मान वळवली. ती कोठीच्या दाराकडे निघाली. मी माइकचं बटण दाबलं.

"ताई, थांब!"

"अरे, कोणीतरी उभं आहे... केव्हाचं..." तिचा हात कडीवर होता.

तेव्हा मात्र मला भीती वाटली. बाहेरची जागा मीच मोकळी सोडली होती. तिथे कोणीही येऊन उभं राहू शकत होतं.

"पोस्टमन आहे!" मी ओरडलो. "कथेत पोस्टमन आहे, ताई!"

ती हसली. "एवढंच ना?" म्हणाली आणि तिने दार उघडलं.

कोठीत मोडक्या खुर्च्या होत्या, केरसुणी होती. बाकी कोणी नव्हतं.

शेवट बदलून पोस्टमन घातला. कथेचा पार विचका झाला. मला त्याचं दुःख नाही. कथा पुष्कळ लिहिता येतात, बहीण एकच आहे.

ताई घरी गेल्यावर काकांनी ती शांतता पुन्हा लावली. पावलं, माझं ओरडणं, कडीचा आवाज. त्यानंतर पुन्हा पावलं... दारातून आत, ताईपर्यंत. परत गेल्याची नाहीत. काकांनी यंत्र बंद केलं आणि चहा टाकला.

परवा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "तुझा तो पोस्टमन तसा त्रास काही देत नाही रे. पण टपालही देत नाही... नुसता उभा असतो."