विनंती नामंजूर

दाराची बेल वाजली तेव्हा तिचे केस ओलेच होते. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर भलीमोठी रिकामी पिशवी होती आणि तो धापा टाकत होता.

"चाळीस ब्लँकेटं न्यायला आलोय," तो म्हणाला.

"चाळीस? अहो, माझ्याकडे दोन आहेत. त्यातल्या एकावर मांजर झोपलंय."

त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर तिचं नाव, तिचा पत्ता आणि... चाळीस ब्लँकेटं!

तिने जीभ चावली. एका धुलाईच्या दुकानासाठी ती मोबाइल ॲप बनवत होती. ग्राहकाने बटण दाबलं, की नाव, पत्ता, कपडे, न्यायची वेळ अशी सगळी माहिती ठरलेल्या कप्प्यांत भरून ॲपने दुकानाच्या सर्व्हरला पाठवायची. जेसन म्हणतात त्या चिठ्ठीला. सकाळपासून तिने गमतीजमतीच्या चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. फक्त चाचणीच्या सर्व्हरऐवजी खऱ्याखुऱ्या सर्व्हरला!

"म्हणजे ॲपवाल्या मॅडम तुम्हीच होय!" त्याला हसू आवरेना. "मी सर्व्हरवाला. दुकान माझ्या मावशीचं. गाडीवाला रजेवर, म्हणून मी आलो. पाच मजले चढून! निदान पाणी तरी द्या."

तिने पाणी दिलं. तो ते सावकाश, फारच सावकाश प्यायला.

समोरासमोर बसलं की काम लवकर होतं, असं मग दोघांनी ठरवलं. लवकर कसलं डोंबलाचं! दुकानामागच्या खोलीत ती रोज दुपारी जाऊ लागली. शेजारी इस्त्रीची वाफ फुसफुसायची, कोमट कपड्यांचा वास दरवळायचा. चाळीस ब्लँकेटांच्या घोळानंतर त्याने सर्व्हरचे नियम कडक केले होते. ती चिठ्ठी पाठवायची, एखादा कप्पा चुकायचा आणि तो न्यायाधीशासारखा चेहरा करून निकाल द्यायचा, "विनंती नामंजूर!"

"का पण?"

"बघा की तुम्हीच."

ती बघायची... पण पडद्याकडे कमी आणि कोपरापर्यंत दुमडलेल्या त्याच्या बाह्यांकडे जास्त. शेवटी व्हायचं तेच झालं. चिठ्ठी एकदा मंजूर झाली की आपलं येणं बंद, हे कळल्यावर ती न्यायच्या वेळेचा कप्पा मुद्दाम रिकामा ठेवू लागली. इतकी हुशार मुलगी, पण अक्कल गहाण टाकलेली!

आठवडा असाच गेला. मग मावशीच आत आल्या. "सोमवारी ॲप सुरू झालं नाही, तर मला माझी ऑर्डर लिहायची वहीच बरी. ग्राहकांना किती दिवस नुसत्या थापा मारू?"

तिला लाजच वाटली. आपल्या हौसेपायी मावशींचं काम अडलंय! तिने मुकाट्याने वेळ भरली, डोळे मिटले आणि बटण दाबलं. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

विनंती नामंजूर.

तिने डोळे उघडले. सगळे कप्पे तपासले. पुन्हा तपासले. कुठे काही चूक नव्हती.

"तुमच्या सर्व्हरला आता काय खुपतंय? दाखवा बघू."

त्याचे कान लाल झाले. तो पडदा झाकायला गेला, पण तिने वाचलंच. त्याने एक नियम लिहून ठेवला होता. तिच्या फोनवरून काहीही आलं, तरी नाकारायचं!

"हे कधीपासून?"

"मंगळवारपासून," तो खाली बघत म्हणाला. "तुमच्या चुका संपत आल्या होत्या. एकदा मंजूर झालं असतं तर... तुम्ही आला नसतात."

"अहो, चुका कधीच संपल्या होत्या! मी मुद्दाम करत होते!"

दोघं एकमेकांकडे बघून खुर्च्या हलेपर्यंत हसली.

त्याने तो नियम पुसला. तिने बटण दाबलं. या वेळी मंजूर झालं. हसू मात्र दोघांच्याही चेहऱ्यावरून उतरलं.

"आता?" तिने विचारलं.

"आता काम संपलं." त्याने दुमडलेल्या बाह्या उगाच खाली ओढल्या. "उद्या... येशील?"

"कशाला?"

"मला तू आवडतेस. एवढ्यासाठीच."

तिने खुर्ची जवळ ओढली. हात पुढे केला. त्याने तो धरला, घट्ट.

"झालं का रे?" बाहेरून मावशींनी हाक मारली.

"झालं, मावशी!"

"मग तिला घरी जाऊ दे की. रोज अडकवून ठेवतोस!"

त्याचे कान पुन्हा लाल झाले. उत्तर तिनेच दिलं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"मावशी, आज मी कामासाठी बसलेली नाही!"